‘कुणाकडे डोलो आहे का?’ : होस्टेलच्या डब्यातली औषधं

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही, ज्यांचे इअरफोन पुन्हा हरवलेत आणि ज्यांना ऐकलेल्यापेक्षा वाचलेलं जास्त लक्षात राहतं, त्या सगळ्यांसाठी. बोलताना मी जे ‘म्हणजे... म्हणजे’ करतो ते शक्य तेवढं कापलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि फार्मसीवालाही नाही. बीटेक केलं, आता दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे कुठल्या आजारावर कुठली गोळी घ्यायची हे मी सांगणार नाहीये. होस्टेलच्या चार वर्षांत आम्ही औषधं कशी खात होतो आणि त्यात नेमकं काय चुकत होतं, एवढाच आजचा विषय आहे.

रात्री साडेअकराला होस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘कुणाकडे डोलो आहे का?’ दोन मिनिटांत उत्तर, ‘डोलो संपली भावा, अंगदुखीची आहे, चालेल?’ आणि लगेच, ‘चालेल.’

हे ‘चालेल’ आहे ना, त्याच्याबद्दल बोलू.

आमच्या खोलीत श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. त्यात आमचं मेडिकल. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, बामची डबी, कधीतरी उघडलेले डोळ्यांचे ड्रॉप (उघडल्यावर ते साधारण महिन्याभरात टाकून द्यायचे असतात, आमचे दोन सेमिस्टर चालले), खाजेवरची एक ट्यूब, आणि एक गुलाबी गोळी, जिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं पण ती ‘पित्तावर’ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. औषधं आम्ही रंगावरून ओळखायचो. पांढरी मोठी तापाची. पिवळी झोपेची, म्हणजे सर्दीची. कोण कुठली कशासाठी घेतं हे सीनियरकडून ज्युनियरकडे जायचं, जसे मागच्या वर्षीचे जर्नल जातात.

थर्ड इयरला, गणपतीनंतरच्या आठवड्यात, माझ्या रूममेटला ताप आला. शुक्रवारची रात्र, सोमवारी मिडसेम. अंग इतकं दुखत होतं की तो पांघरूण घेतानाही कण्हत होता. मी डबा उघडला आणि ‘अंगदुखीची’ दिली. उतरला ताप. सहा तासांनी परत चढला, परत दिली. शनिवार, रविवार असंच. मेसचं जेवण जात नव्हतं, त्यामुळे बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटीच. रविवारी संध्याकाळी ताप उतरला आणि आम्ही खूश. मी तर त्याला म्हणालो, बघ, उद्या पेपर देतोस तू.

त्या रात्री त्याला तीन वेळा उलटी झाली, आणि चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कुठली गोळी घेतली?” मी खिशातून स्ट्रिपचा तुकडा काढून दिला. दोन गोळ्या शिल्लक असलेला कात्रीने कापलेला चौकोन. त्यावर एका बाजूला बॅच नंबरचे अर्धे आकडे आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यातलं ‘इंडस्ट्रियल एरिया’. नाव कुठेच नाही. डॉक्टरांनी तो तुकडा उलटसुलट केला आणि माझ्याकडे बघितलं. “अरे, नाव काय हिचं?”

“सर, अंगदुखीची आहे. पांढरी.”

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि तीन दिवस मी माझ्या मित्राला काय खायला घालतोय याचं माझं उत्तर ‘पांढरी’ हे होतं. शेवटी शेजारच्या खोलीतल्या एकाला फोन केला, त्याने डबा उपसला आणि त्याच स्ट्रिपचा दुसरा तुकडा शोधून फोटो पाठवला. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, दोन्ही एकत्र असलेली गोळी. आणि रिपोर्ट आला तो डेंग्यूचा.

रूममेट पाच दिवस अ‍ॅडमिट होता आणि बरा होऊन घरी गेला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर काही जण इथेच स्क्रोल करून शेवट बघतील. पण डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. प्लेटलेट म्हणजे जखमेच्या जागी एकमेकींना चिकटून रक्त थांबवणाऱ्या पेशी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या जातीची औषधं त्यांचं हे चिकटणंच ढिलं करतात, वर पोटाच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतात. म्हणजे आधीच सैन्य कमी, त्यात आहे त्या सैन्याचे हात बांधलेले. रक्त गोळीमुळेच आलं असं ते म्हणाले नाहीत. डेंग्यूत तसंही येऊ शकतं. पण पावसाळ्यातल्या तापाचं कारण कळेपर्यंत या जातीची गोळी घ्यायचीच नाही, नुसतं पॅरासिटामॉल घ्यायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून मला घाम फुटला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा सुटका झाली असं नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप खाली येताना, तेच एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम गळून जाणं, यातलं काही दिसलं तर पेपर बिपर सोडून हॉस्पिटल गाठायचं. आम्ही नेमकं त्याच वेळी अभ्यासाला बसायची तयारी करत होतो.

आता मूळ मुद्दा. गोळीला दोन नावं असतात. एक ब्रँडचं, जे कंपनी ठेवते. दुसरं आतल्या औषधाचं, ज्याला मेडिकलवाले काका ‘सॉल्ट’ म्हणतात. कोड लिहिणाऱ्यांना सांगायचं तर ब्रँड हे व्हेरिएबलचं नाव आहे आणि सॉल्ट ही आतली व्हॅल्यू. डोलो, क्रोसिन, कॅलपॉल ही तीन व्हेरिएबल, आत व्हॅल्यू एकच, पॅरासिटामॉल. कोडमध्ये आपण दोन व्हेरिएबलची नावं वेगळी आहेत म्हणून व्हॅल्यूपण वेगळी असणार असं कधी धरून चालत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र बिनधास्त चालतो.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. ब्रँड तोच, पण नावापुढे एक शेपूट असतं. प्लस, कोल्ड, पी, एसपी. शेपूट बदललं की आतलं औषध बदलतं. कधी एकाचं दोन होतं, कधी तीन. आपण फक्त पुढचं ओळखीचं नाव वाचतो.

वाचायचं कुठे? एकच औषध असलेल्या गोळीवर ते नाव बऱ्याचदा ब्रँडजवळच ठळक असतं. मिश्र गोळी असेल तर स्ट्रिपवर ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’ असं लिहून खाली बारीक अक्षरात यादी असते, प्रत्येकापुढे मिलीग्रॅमचा आकडा. दिसत नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा, त्यासाठीच तर एवढे मेगापिक्सेल घेतलेत. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ३०० खपाच्या ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा केलाय. स्कॅन केलं की औषधाचं खरं नाव, बॅच, एक्स्पायरी सगळं यायला हवं. स्ट्रिपवर जागा नसली तर तो बाहेरच्या खोक्यावर असतो, जे आपण मेडिकलच्या काउंटरवरच सोडून येतो.

हे नाव वाचण्याचा फायदा काय, ते एका हिशेबाने बघा. तापाची ६५० ची गोळी दिवसात तीन वेळा, झाले १९५० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा. अशा बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, समजा ५०० आहे, तर १५०० अजून. अंग दुखतंय म्हणून मिश्र गोळी दोन वेळा, तिच्यात ३२५, म्हणजे ६५०. बेरीज ४१००. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत पॅरासिटामॉलची वरची मर्यादा ४००० मिलीग्रॅम मानतात. वजन कमी असेल, रोजची दारू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहूनही खालची. तीनपैकी एकही गोळी त्याने जास्त घेतली नाही. तिन्ही ‘बरोबर’ घेतल्या. तरी मर्यादा ओलांडली, कारण तिन्हीत एकच व्हॅल्यू आहे हे बघितलं नाही.

लिव्हरमध्ये काय होतं? पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निमूटपणे बाहेर जातो, पण थोड्या भागाचं एक विषारी रसायन बनतं. लिव्हरकडे ते शांत करायला ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. साठा आहे तोवर काही कळतही नाही. तो संपला की ते रसायन लिव्हरच्या पेशींवरच उलटतं. डेंजर गोष्ट अशी की मोठा डोस गेला तरी पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा काहीच नाही, असं असू शकतं. यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. ‘बघू, त्रास झाला तर जाऊ’ हे इथे चालत नाही. कुणी चुकून किंवा मुद्दाम खूप गोळ्या खाल्ल्याचं कळलं, तर तो ठीक दिसत असला तरी त्याला तसंच उचलून न्यायचं. होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना ‘मुद्दाम’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

सर्दीच्या त्या पिवळ्या गोळीत बऱ्याचदा क्लोरफेनिरामाइन असतं. त्यानेच झोप येते. खाऊन बाईक काढू नका, पेपरच्या सकाळी तर नकोच. पुढे जाऊ.

ट्यूब. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण यावर होस्टेलमध्ये कुणी बोलत नाही. जांघेत खाज सुटते, गोल चट्टा येतो, कडा लाल. नायटा, गजकर्ण, जे काय तुमच्या गावाकडे म्हणतात ते. घाम, घट्ट जीन्स, खोलीतल्या दोरीवर नीट न वाळलेले टॉवेल, आणि ‘तुझा टॉवेल दे रे’. कुणाला सांगायची लाज वाटते, डॉक्टरला दाखवायची त्याहून जास्त. मग रात्री डब्यातली ट्यूब. एका दिवसात खाज गायब. जबरदस्त वाटतं! आठवड्याने लावणं बंद केलं की परत येतो, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब.

आमच्या डब्यातल्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात तीन नावं होती. एक बुरशीवरचं, एक जिवाणूवरचं, आणि तिसरं क्लोबेटासॉल. ते स्टेरॉइड आहे, आणि त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात कडक गटातलं. नायटा होतो बुरशीने. खाज आणि लाली ही त्या बुरशीविरुद्ध लढणाऱ्या आपल्याच शरीराची खटपट असते. स्टेरॉइड ती लढाईच दाबून टाकतं. आपल्याला वाटतं आजार गेला, प्रत्यक्षात फक्त अलार्म बंद केलेला असतो आणि चोर घरातच. बुरशी पसरते, चट्ट्याचा गोल आकार मोडतो, इतका की त्वचेच्या डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. यालाच ते टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेश पालटलेला नायटा. जांघेसारख्या नाजूक जागी हे मलम महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, कायमचे पट्टे पडतात. हेच मलम चेहऱ्यावर गोरं व्हायला लावणारेही आहेत, आणि त्यांच्यावर एक अख्खा वेगळा भाग करावा लागेल.

२०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांकडे कधी चिठ्ठी मागितली गेली? आम्ही नुसतं ‘ती खाजेची द्या’ म्हणायचो, तेही हळू आवाजात, बाजूला कुणी मुलगी उभी नाही ना हे बघून.

आणि हे फक्त आपल्या खोलीपुरतं राहिलेलं नाही. नायट्याच्या बुरशीची एक नवी जात २०२० मध्ये वेगळी ओळखली गेली, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे. तिच्या बऱ्याच नमुन्यांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन पेशंटमध्ये ती सापडली आणि अमेरिकेच्या आरोग्य खात्याने त्याची नोंद केली. ती अशी चिवट का झाली याच्या कारणांमध्ये तज्ज्ञ स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा मनमानी वापरही धरतात. नायट्याचा खरा इलाज कंटाळवाणा आहे. डॉक्टरने दिलेलं औषध कित्येक आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते सांगतील तितके दिवस, टॉवेल आणि अंडरवेअर स्वतःचे, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले, आणि रूममेटलाही असेल तर त्याचाही इलाज सोबतच. एकट्याने बरं होऊन काही उपयोग नाही, दोरी एकच आहे.

अँटिबायोटिकची गोष्ट याचीच सख्खी बहीण. घसा धरला की सीनियर म्हणायचा, तीन गोळ्यांचा कोर्स मार, मोकळा होशील. साधी सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूमुळे असते आणि अँटिबायोटिक विषाणूचं काहीही वाकडं करत नाही. चार दिवसांत ती आपोआपच कमी होणार होती, श्रेय मिळालं गोळीला. आणि आम्ही तर तीनपैकी दोन खायचो आणि एक डब्यात टाकायचो, पुढच्यासाठी. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात अगदी हेच सांगितलं होतं. एक काल्पनिक माणूस, घसा दुखतोय म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणतो, कमी प्रमाणात घेतो. जंतू मरत नाहीत, नुसते शहाणे होतात. मग ते त्याच्या बायकोला लागतात आणि तिला न्यूमोनिया होतो तेव्हा औषध चालत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे हे. आपल्याकडे २०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने स्ट्रिपवरच्या उभ्या लाल रेघेची मोहीम काढली. ती रेघ दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आत्ता उठून तुमच्या डब्यातल्या स्ट्रिप बघा, किती जणींवर ती आहे. मी बघितली तेव्हा जवळपास निम्म्यांवर होती, आणि चिठ्ठी एकाचीही नव्हती.

अजून एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. टायफॉइडसारख्या तापात रक्ताचं कल्चर करतात, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून कुठलं औषध चालेल ते बघतात. आपण आधीच दोन अँटिबायोटिक खाऊन गेलो तर जंतू दबलेले असतात आणि कल्चर कोरं येऊ शकतं. म्हणून डॉक्टरपासून लपवू नका. ते ओरडतील, पण ओरडू दे.

मागच्या भागाखाली एका श्रोत्याने विचारलं होतं, पिंपल्सच्या कॅप्सूलने छातीत खूप जळजळ होते, काय करू? ती डॉक्सिसायक्लिन असेल तर ती भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची असते आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नसतं. रात्री दोन वाजता एका घोटात गिळून लगेच झोपलं तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. त्रास चालूच असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरला दाखव, मला मेसेज करू नकोस.

आता आमच्या डब्याचं काय झालं ते सांगतो. कॅज्युअल्टीच्या त्या रात्रीनंतर गोळ्या कापायची पद्धत बदलली. स्ट्रिपच्या ज्या टोकाला नाव आणि एक्स्पायरी छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं, गोळ्या दुसऱ्या बाजूने फोडत यायच्या. (एक्स्पायरीत नुसता महिना असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा.) मेडिकलमधून चारच गोळ्या सुट्या घेतल्या तर तिथेच पूर्ण स्ट्रिपचा पुढून-मागून फोटो. काका आधी वैतागले, म्हणाले, “काय रे, केस करतोस का माझ्यावर?” आता स्वतःच स्ट्रिप उलटी करून समोर धरतात. तुकडा कुठलाही असो, ज्याचं नाव वाचता येत नाही ती गोळी डब्यात राहत नाही. ट्यूब तर त्याच आठवड्यात गेली. गुलाबी गोळी काय होती ते आजतागायत कळलेलं नाही.

रूममेट आता बंगळुरूला असतो. मागच्या महिन्यात त्याचा रात्री मेसेज आला, ताप आहे, आणि सोबत स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो. ‘नुसतं पॅरासिटामॉल आहे, घेऊ?’ मी म्हटलं घे, आणि उद्या उतरला नाही तर डॉक्टरकडे जा. दोन दिवसांनी कळलं, साधा व्हायरल होता.

तुमच्या डब्यात काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा, फोटो पाठवले तरी चालतील. पुढच्या भागात चष्म्याचे नंबर आणि रात्रीचा फोन यावर बोलू. भेटू मंगळवारी.